निम्मा पिक्चर

शुक्रवार उजाडला की आमच्या सासूबाई भाकरी थापता थापताच विचारतात, "सिद्धेश्वरी, नवा कुटला लागलाय गं?" मी फोनवर बघून नाव सांगते. मग दुसरा प्रश्न ठरलेला, "त्यात भांडण हाय का?" भांडण नसलेला पिक्चर त्यांना अळणी लागतो. गेल्या वर्षापर्यंत याच बाई पिक्चरचं नाव काढलं की नाक मुरडायच्या, हे सांगितलं तर आता कुणाला खरं वाटत नाही.

सासूबाईंचं नाव चंद्रव्वा, पण घरात आणि गल्लीत त्या सगळ्यांच्या अव्वा. आमचा धंदा कडक भाकरीचा. टीव्ही घरात होता, पण अव्वांचं तोंड तव्याकडे आणि पाठ टीव्हीकडे. त्यामुळे हिंदी सिनेमा त्यांच्या नुसता कानावर पडलेला, तोही तुकड्या-तुकड्यानं. "लई आरडतात मेले," एवढंच त्यांचं मत. मी माहेरापासूनची पिक्चरवेडी, तेव्हा या विषयावर मी मूग गिळून बसायची.

महिला दिनाला आमच्या बचत गटानं सगळ्या बायकांना पिक्चर दाखवायचा ठरवला. अव्वा नको नको म्हणत नवं इरकली लुगडं नेसून निघाल्या. माझ्या मुलीची परीक्षा होती, म्हणून मी घरी राहिले. आणि बघते तर काय, मी भांडी आवरतेय तोवर अव्वा रिक्षातून उतरताहेत, पदरानं डोळे पुसत.

"एवढ्यात आलात, अव्वा?"

"संपला की."

"कसा होता?"

"दोगी भैनी असत्यात. लग्नात गानी म्हनायच्या. म्होरं कुनी हुबं ऱ्हायाचं, यावरनं भांडल्या. थोरली रेल्वेत बसली, धाकटी निरोप द्यायला सुदिक आली न्हाय. गाडी गेली, संपलं." त्या माझ्यावरच चिडल्या. "असला कसला गं पिक्चर? मानसानं बघून काय करायचं?"

तेवढ्यात गटातल्या श्रीदेवीचा रडवेला फोन. मध्यंतरापासून अव्वा कुठं दिसत नाहीत, सगळं थिएटर पालथं घातलं. अव्वा घरी आहेत म्हटल्यावर ती ओरडलीच, "अगं, पण पिक्चर तर चालूच हाय!"

आता यात अव्वांचा काय दोष? त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीवर. लहानपणी त्यांनी पाहिली ती देवळापुढची कानडी बयलाट, रात्रभर उघड्यावर चालणारं नाटक. तिथला नियम सरळ होता. उजाडलं की खेळ संपला. देवाला हात जोडायचे आणि घरची वाट धरायची. थिएटरात लख्ख दिवे लागले, अव्वांनी पडद्याला हात जोडले आणि बाहेर पडल्या.

मला हसू आवरेना. अव्वा मात्र हसल्या नाहीत. पिक्चर अजून चालू आहे म्हटल्यावर त्या पाटावर टेकल्या.

"अजून निम्मा हाय?"

त्या दिवसापासून अव्वांना चैन पडेना. पुढं काय झालं ते सांगायला बायका उत्सुक, पण अव्वा कानात बोटं घालायच्या. "सांगू नगा, म्या बगनार हाय." पीठ मळताना मध्येच थांबून श्रीदेवीला म्हणायच्या, "बरं, येवढंच सांग. दोगीत आदी कोन बोललं?" आणि तिनं तोंड उघडायच्या आत, "नगं, नगं, त्येबी नगं!" सोलापुरातनं पिक्चर तोवर उतरला होता. फोनवर येईल तेव्हा दाखवते म्हटलं, तर म्हणाल्या, "येवड्याशा फोनात तोंडावरचं काय कळतंय?"

दोघींत आधी कोण बोललं, हेच त्यांना का कळायला हवं होतं, ते मला ठाऊक होतं. त्यांची धाकटी बहीण रत्नम्मा मावशी. दोघींची आई गेली तेव्हा तिची भाकरीचं पीठ मळायची लाकडी काटवट मावशीनं न विचारता उचलून नेली. अव्वा रागाच्या भरात बोलून गेल्या, "तुज्या हातची भाकरी म्या खानार न्हाय." भाकरीवर जगणाऱ्या बाईनं बहिणीला याहून वाईट काय बोलावं? तेव्हापासून दोघी एकमेकींच्या घरच्या लग्नकार्यालाही गेल्या नाहीत. मला याचं फार वाईट वाटायचं, पण सुनेनं त्यात काय बोलायचं!

शेवटी मला फोनवर सापडलं. पिक्चर टेंभुर्णीच्या टॉकीजला लागला होता. सांगताना माझीच जीभ अडखळली, कारण मावशीचं घर टेंभुर्णीतच. अव्वांनी ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर त्या पिशवी घेऊन दारात. पिशवीत भाकरी आणि शेंगाचटणी.

"पिक्चरला भाकरी कशाला, अव्वा?"

"भूक लागंल की."

एसटीत मोडनिंब गेलं तरी त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. मी टॉकीजच्या तिकीटखिडकीशी उभी राहिले तर मागून आवाज आला, "तीन काड."

तिसरं कुणाचं, हे मी विचारलं नाही. तिकिटं घेऊन आम्ही रिक्षानं मावशीच्या घरी गेलो. दारातूनच आत तीच काटवट दिसत होती, पीठ मळायला घेतलेली. अव्वांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, एवढंच. आतून मावशी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"रत्ना," अव्वा म्हणाल्या, "पिक्चर बगाया येतीस का? म्या निम्माच बगितलाय."

मावशींनी हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, "थांब की, हात धुती."

थिएटरात दोघी शेजारी बसल्या, मी कडेला. पडद्यावरच्या बहिणी भांडायला लागल्या तसा अव्वांनी मावशीचा हात धरला. रेल्वे सुटली आणि धाकटी आली नाही, तेव्हा मावशी हमसून रडल्या. मग दिवे लागले.

मावशी उठल्या. डोळे पुसले, पडद्याला हात जोडले आणि दाराकडे वळल्या. माहेर एकच ना!

अव्वांनी त्यांचा पदर धरून खाली ओढला.

"बस खाली. अजून निम्मा हाय."