बांधावरचं मडकं

हैबतराव आणि त्यांचा धाकटा भाऊ कमळाकर यांचं बोलणं बांधावरच्या आंब्यावरून तुटलं, त्याला बरीच वर्षं झाली. रोह्याच्या बाजारात समोरासमोर आले तर एक जण मुकाट दुकानात शिरायचा. पण वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भाजलेल्या शेंगांची पहिली पोपटी त्याच बांधावर लागायची आणि कमळाकर न बोलावता यायचा. हैबतराव मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगा भरायचे, तोंड पाल्यानं ठासून मडकं उपडं करायचे, भोवती काटक्या पेटवायचे. मग बसायचं. जाळ लागलेलं मडकं मधेच उघडता येत नाही आणि दोन माणसांना तितका वेळ गप्प बसवत नाही. "यंदा शेंग बारीक हाय," एवढ्यावर सुरुवात व्हायची. मडकं शिजेपर्यंत ते भाऊ असायचे. शेवटी मडकं उलटून शेंगा काढायच्या त्या धाकट्यानं, ही वडिलांपासूनची रीत.

यंदा हैबतरावांच्या हर्षदनं रस्त्याला टपरी टाकली. वर 'लाइव्ह पोपटी' असा फलक. गाडीतून उतरणाऱ्यांना ती समोर पेटलेली हवी, व्हिडिओत यायला हवी आणि लगेच हातातही हवी. हर्षद शेंगा घरी कुकरात उकडायचा, मडक्यात भरायचा आणि भोवती मूठभर पेंढा पेटवायचा. भडका उडाला की टाळ्या.

"अरे, धुराचा वास तरी लागू दे तिला," हैबतराव म्हणाले.

"बाबा, धूर व्हिडिओत दिसतो. वास दिसत नाय."

हैबतरावांना हसू आलं. दुसऱ्या दिवसापासून पेंढा तेच पेटवू लागले. टाळ्या काही वाईट वाटत नव्हत्या.

त्यात बांधावर जायचं राहिलं. आठवण झाली तेव्हा हर्षद म्हणाला, "काकाला कशाला ताटकळत बसवायचं? गरम पार्सल देऊन येतो." हैबतरावांनी मान डोलावली.

संध्याकाळी हैबतरावांच्या बायकोला, शांतीबाईंना हे कळलं आणि त्यांचा हात परातीतच थांबला. "आवो, वाटा घरी कुणाला धाडतात? ज्यानं यायचं नाय, त्याला. तुमी त्याला येऊ नको म्हनून सांगितलंत."

"काय म्हणाला काका?" हैबतरावांनी पोराला विचारलं.

"काय नाय. पिशवी घेतली."

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना त्यांनी बांधावर मडकं लावलं. पलीकडे कमळाकर ओट्यावर बसला होता. जाळ त्याला दिसत होता. रस्त्यावर एक गाडी थांबली.

"काका, रेडी आहे का?" गाडीतल्या माणसानं हैबतरावांना विचारलं.

"वेळ लागंल."

गाडी गेली. हैबतरावांनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं, थेंब उडून गेले. पोपटी शिजली होती. हाक तोंडापर्यंत आली. पण इतक्या वर्षांत ती कधी मारावीच लागली नव्हती, आता काय म्हणून मारायची ते सुचेना.

कमळाकर उठला. हैबतराव अर्धवट उभे राहिले. त्यानं बैल गोठ्यात नेऊन बांधला, घरात गेला आणि दार लोटलं.

पाला करपल्याचा वास आला. मग शेंगांचा. हैबतरावांच्या हातून आजवर एकही मडकं करपलं नव्हतं. ते बघत बसले, पण मडक्याला हात लावला नाही. उलटायचं काम त्यांचं नव्हतं.