आत्याची पाच-चाळीसची गाडी

आमची आत्या एकवीस वर्षं एका स्टेशनचा आवाज होती. शहराच्या कडेचं एवढंसं स्टेशन: दोन फलाट, तीन बाकडी आणि तिची कपाटाएवढी खोली. बोलण्याआधी ती माइकवर दोनदा टिचकी मारायची आणि प्रत्येक घोषणेच्या शेवटी स्वतःच्या पदरचं जोडायची, "सावकाश चढा, गाडी कुठे पळून जात नाही!" स्टेशनच्या साहेबांनी तीनदा लेखी ताकीद दिली. आत्यानं तिन्ही कागद खिडकीच्या फटीत कोंबले. वारा यायचा थांबला.

पुढे कारखाना बंद पडला, नवा मार्ग लांबून गेला. चाळीस गाड्यांच्या सहा झाल्या, मग एकच उरली, पाच-चाळीसची. शेवटी रूळसुद्धा उखडून नेले. मागच्या वर्षी घशाच्या ऑपरेशननंतर आत्याचा आवाजही गेला. राहिली नुसती कुजबुज.

आता तिथे वाचनालय झालंय! उद्घाटनाला जुनी घोषणा ऐकवायची ठरली, पण टेप कुणाकडेच नाही. आयोजक म्हणाले, "एखाद्या गोड आवाजाच्या बाईंना बोलावू." आत्याचा चेहराच पडला. त्या खिडकीतून परका आवाज? मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिची नक्कल करून घरात बोलणी खाल्लेली मी एकटीच!

आठ दिवस डब्यावर टिचक्या मारून तालीम.

"नाकात बोलतेस," आत्या कुजबुजली.

"तूच नाकात बोलायचीस!"

"मी? कधी?"

"जन्मापासून, ताई," बाबा पेपरामागून म्हणाले.

उद्घाटनाला मी त्या खोलीत, आत्या माझा दंड घट्ट धरून. टक, टक. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं! पाच-चाळीसची गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे!"

आणि काय सांगू! फलाटावरची सगळी जुनी मंडळी दोन पावलं मागे सरकली! समोर गुडघाभर गवत, तरी सरकली! म्हाताऱ्या हमालकाकांनी तर शेजारणीची पिशवीच उचलली.

आत्यानं मला चिमटा काढला. "शेवटचं राहिलं!"

"सावकाश चढा, गाडी कुठे पळून जात नाही!"

पहिल्या रांगेतून काठी उंचावून कुणीतरी ओरडलं, "ही चौथी ताकीद!" तेच साहेब! डोळे पुसत हसत होते.

आत्या माझ्या कानाशी कुजबुजली. मी तिच्याच आवाजात, नाकातून, माइकवर सांगून टाकलं:

"लेखी द्या, साहेब! खिडकीला अजून फट आहे!"