कानशीसारख्या कातडीचा मासा

वेल्समधल्या कार्डिफला आलो त्या वर्षी नवऱ्याच्या हॉस्पिटलात लागोपाठ शिफ्ट्या असायच्या. नागपुरात मी कॉलेजात शिकवायचे, दिवसभर बडबड चालायची. इथे बोलायला कुणीच नव्हतं. एका दुपारी बस पकडून जवळच्या समुद्राकाठच्या गावी गेले. वाऱ्यापुढे उभं राहवेना, म्हणून तिथल्या छोट्याशा मत्स्यालयात शिरले.

ऑस्ट्रेलियाच्या थंड समुद्रातल्या खडकांची एक टाकी होती. तिच्यात फाइलफिश नावाचा एकच मासा होता. चपटा, मातकट, डोक्यावर एक काटा. समुद्री शेवाळाची पट्टी दातांत घट्ट धरून तो पाण्याबरोबर डुलत होता.

"झोपलाय," मागून आवाज आला. तिथे विनामोबदला काम करणाऱ्या एक वेल्श आजी होत्या. "वाहून जाऊ नये म्हणून असा धरून झोपतो. अंग मात्र कानशीसारखं खरखरीत हं."

मग मी दर मंगळवारी जायला लागले. नवरा विचारायचा, "आज काय म्हणत होता तुझा मासा?" आणि उत्तर ऐकायच्या आत सोफ्यावरच झोपून जायचा.

हिवाळ्यात एकदा गेले, तर टाकीत नुसते खडक. आजी म्हणाल्या, "रविवारी गेला गं. म्हातारा झाला होता."

मी तिथेच रडायला लागले. आजूबाजूला शाळेची मुलं होती, तरी आवरेना. आजींनी आत नेऊन चहा दिला. त्यांचे यजमान वारल्यावर त्या इथे यायला लागल्या होत्या. "घरी रेडिओ लावते," म्हणाल्या, "पण तो मला काही विचारत नाही ना."

घरी येऊन आईला फोन केला. "आई, मासा गेला."

"कसला मासा? तुम्ही मासे खायला लागलात की काय?"

सगळं समजावून सांगितलं. मग ती म्हणाली, "कधी येतेस?"

"बघू," म्हटलं आणि फोन ठेवला.

पुढच्या मंगळवारी आजींनी माझ्या हातात त्यांच्यासारखाच एक निळा एप्रन ठेवला. मी मुलांना खेकडे दाखवायला लागले. माझे उच्चार ऐकून ती हसायची, मीही हसायचे. परतीच्या बसमध्ये पुन्हा गप्पच असायचे. पण एखाद्या मंगळवारी उशीर झाला, की आजी दारातच येऊन उभ्या राहिलेल्या असायच्या.