मारलं म्हणजे काय?

शुभदा गेली, असं तिच्या नवऱ्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी दोह्यात, अल मन्सूरा भागातल्या दुकानात कढीपत्ता निवडत होते. मी चक्क विचारलं, ‘कुठे?’ ... सकाळी कोर्टात ताठ उभी राहिलेली बाई दुपारी घरी चहा टाकताना कोसळते, हे अजूनही माझ्या डोक्यात शिरत नाही. मी सुन्न आहे, आणि खरं सांगायचं तर चिडलेलीसुद्धा.

माझी ही मैत्रीण इथल्या कोर्टात दुभाषी होती. काम घरी आणायची नाही, पण हा एक खटला तिच्या पोटात मावला नाही. परभणीकडचा एक ड्रायव्हर. खोलीत भांडण झालं, याने सोबत्याला मारलं, तो पलंगाच्या लोखंडी कडेवर पडला तो उठलाच नाही. ‘मैंने उसको मारा,’ असं याने आपल्या मराठी हिंदीत पोलिसांना सांगितलं. अरबीत त्याचं ‘ठार केलं’ झालं आणि मृत्युदंड सुनावला गेला. सिनेमे पाहून शहाणी झालेल्या मी तिला विचारलं, ज्युरी नव्हती का? ‘ज्युरी कसली गं! तीन न्यायाधीश. मयताच्या वारसांनी माफ केलं असतं तर वाचला असता. त्यांनी नाही केलं.’

अपिलात शुभदाला नेमलं. वकिलांचा आग्रह होता, सरळ ‘ढकललं’ म्हणा. ती ढिम्म हलेना. मी तिच्याशी कडाकडा भांडले, एका शब्दाने तुझं काय जातंय? ती म्हणाली, ‘आज मी त्याच्यासाठी शब्द बदलला, तर उद्या कुणाच्या तरी विरुद्धही बदलेन.’

ती गेली त्या दिवशी कोर्टात काय झालं, ते मागाहून वकिलांनी सांगितलं. तिने ‘मारलं’ हाच शब्द अरबीत न बदलता तसाच ठेवला आणि न्यायाधीशांची परवानगी मागून म्हणाली, आमच्या भाषेत याचे दोन अर्थ होतात, त्याचा कोणता ते त्यालाच विचारावं. त्यांनी विचारलं. ड्रायव्हरने उघडा तळवा वर केला आणि तसाच धरून उभा राहिला. तिथून ती घरी आली, ती शेवटचीच.

मृत्युदंड रद्द झाला, कैद झाली. हे ऐकायला ती नव्हती.

तिचा नवरा तिचा फोन अजून चार्ज करून ओट्यावर ठेवतो. परवा मी गेले तेव्हा तो वाजला आणि बंद झाला. पाठोपाठ ड्रायव्हरच्या बायकोचा आवाजी निरोप आला. ती खटला चालू असताना सारखी फोन करायची, आणि निकालापर्यंत मला बोलता येणार नाही, एवढंच शुभदा तिला सांगायची. आम्ही दोघांनी उभ्याउभ्या तो निरोप ऐकला.

‘ताई, निकाल लागला. आता तरी बोलताव ना?’