पापणीचा वाद

सरांनी आयुष्यभर एकच गोष्ट लावून धरली: शिकायला जाणीव लागत नाही. मानसशास्त्र विभागातल्या तळमजल्यावरच्या खोलीत ते माणसं खुर्चीत बसवत, एक आवाज ऐकवत आणि लगोलग नळीतून डोळ्यावर हवेचा झोत सोडत. काही वेळाने नुसत्या आवाजालाच पापणी मिटू लागे. "बघा," सर म्हणत, "पापणी शिकली. मालकाला पत्ता नाही."

शेजारच्या खोलीतल्या हरकतरावांचं म्हणणं नेमकं उलट. प्रत्येक सभेत हरकत घेतात म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांना हे नाव ठेवलेलं. लक्ष नाही, जाणीव नाही, तर शिकणं कुठलं? पुढे काय येणार हे माणसाला उमगतं, म्हणून पापणी मिटते. यावर दोघे काळ्याचे पांढरे होईस्तोवर भांडले. सरांची बायको म्हणे, "डोळा मारण्यावरून झालेली भांडणं ऐकली होती, मिटण्यावरून ही पहिलीच."

मग तिच्याच मेंदूत रक्तस्राव झाला. घरी आणली ती डोळे उघडे, पण नजर कुणावरच नाही अशी. "आत कुणी आहे असं धरून चालू नका," डॉक्टर म्हणाले.

लेक बापाकडे वळली. "बाबा, तुमचा जन्म यातच गेला. आई आहे का आत?"

सरांना एकच काम येत होतं, ते त्यांनी केलं. रोज सकाळी पेल्यावर चमचा वाजवायचा आणि पाठोपाठ पापणीवर हलकी फुंकर. असं बरंच चाललं. एके दिवशी चमचा वाजला आणि फुंकर पोचायच्या आत पापणी मिटली.

लेक रडली. सगळ्या मावश्यांना फोन गेले. "आईला कळतंय!"

सरांना मात्र थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्यांच्याच सिद्धान्ताप्रमाणे याचा अर्थ काहीच होत नव्हता. तिला कळत असायचं तर हरकतराव बरोबर निघायला हवे होते. तेव्हा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सर त्यांच्या दारात उभे राहिले. हरायला.

"तुमचा तो जुना मुद्दा सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

"कुठला?"

"जाणिवेशिवाय शिकणं नाही, तो."

"तो मी केव्हाच सोडला हो. तुमच्या शेवटच्या प्रयोगानं पटलं मला."

"मग कळवायचं नाही?"

"तुम्हाला एवढा आनंद कोण देणार?"

"आता तरी हरकत घ्या," सर म्हणाले.

वहिनींचं हरकतरावांच्या कानावर आलं होतं. त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं. पण माणूस प्रामाणिक. काही सुचलं नाही.

सर घरी आले तर लेक पेला घेऊन पलंगाशी बसलेली, शेजारी धाकटी मावशी.

"मावशीला दाखवत होते दुपारभर. आधी मिटत होती, मग कमी कमी, आता नाहीच. रुसली का हो?"

"फुंकर घातलीस?"

"काहीतरीच! आईच्या डोळ्यात फुंकर? कळतंय आता तिला."

फुंकर येईनाशी झाली की पापणी शिकलेलं टाकून देते. हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही येतं, आणि त्यावर हरकतरावांनीही कधी हरकत घेतली नव्हती.

"दमली असेल," मावशी म्हणाली.

सरांनी लेकीच्या हातून पेला काढून घेतला. "उद्या परत शिकवू."

"पण कळतंय ना तिला? बाबा?"

सर पलंगावर वाकले आणि उशी सारखी करू लागले. उशी सारखीच होती.