बिनअंड्याचा चॉकलेट पाय आणि गल्लीतला टँकर

लातूर जिल्हा झालं तेव्हा गावातल्या प्रत्येकाची मान दोन बोटं उंच झाली होती. कालपर्यंत साध्या कागदासाठी उस्मानाबादच्या एसटीत धूळ खात बसणारी माणसं आता बोलायची सुरुवातच "आमच्या जिल्ह्यात" अशी करायची. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानंसुद्धा पाटी नव्यानं रंगवून खाली "जिल्हा लातूर" लिहून घेतलं. पंक्चर काय जिल्हा बघून होतंय? पण बोलणार कोण. फक्त नळाला ही बातमी कुणी कळवली नव्हती. पाऊस दगा देऊन गेला होता, आणि आमच्या गल्लीतला नळ सकाळी खुर्रर्र करून नुसती हवा सोडायचा.

मी मुदखेडची. लग्न होऊन लातूरच्या या गल्लीत आले त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघं. मी, आमचे हे, आणि सासूबाई. हे नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत कारकून. सासूबाई शिवभक्त, गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायच्या नाहीत, आणि आंघोळीशिवाय पूजेला बसायच्या नाहीत. दुष्काळ असो की आणखी काही. त्यांच्या आंघोळीची एक पितळी घागर मोरीच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली असायची. तिला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

टँकर गावात यायचे, पण आमच्या गल्लीत नाही. गल्ली अरुंद आहे, टँकर आत शिरणार नाही, असं कागदावर लिहिलेलं होतं. मग आम्ही बायका दोन फर्लांगावरच्या चौकात घागरी घेऊन रांगेत उभ्या राहायचो. आमचं एक वेळ ठीक होतं. खरी बेजार होती समोरची चाची.

चाचीचं घर आमच्या दारासमोर. चाचा पत्र्याचं काम करायचे, डबे, चाळण्या, नरसाळी. घरात एक देवणी गाय होती, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, चाचीनं देवणीच्या माहेराहून आणलेली. ती गाभण होती, दिवस भरत आलेले. असं जनावर पाणी किती पितं ते ज्यानं पाजलंय त्यालाच माहीत. चाची साठीच्या घरात, गुडघे गेलेले, आणि तरी चौकातून दिवसाला सहा खेपा करायची. एके दिवशी आमच्या ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "बेटी, अब नै होता. हफ्त्याभरात टँकर गल्लीत आला तर ठीक, नाहीतर जनावर बाजारात नेतो म्हणून राहिले तुझे चाचा." एवढं बोलून ती पदरानं तोंड पुसत बसली. मला लई वाईट वाटलं. त्या गाईला ती मुलीगत बोलायची.

टँकर कुठं थांबेल हे ठरवणारा कागद ज्या साहेबांच्या टेबलावरून जायचा, त्याच साहेबांच्या हाताखाली आमचे हे होते. म्हणजे वशिला घरातच होता, असं गल्लीला वाटायचं. वशिला कसला. हे साहेबांसमोर उभे राहिले की यांच्या तोंडातून "हो साहेब"च्या पलीकडे काही निघायचं नाही. पण गल्लीनं त्यांना इतकं टोचलं की एकदा हिंमत करून ते साहेबांच्या खोलीत गेले. साहेब मुंबईकडचे, नव्या जिल्ह्यात येऊन दोन महिने झालेले, आणि लातूरला काय मिळत नाही याची यादी सांगत बसलेले. सांगता सांगता म्हणाले, मुंबईत एका हॉटेलात चॉकलेट पाय मिळायचा, आत कस्टर्डासारखं घट्ट चॉकलेट, त्याची फार आठवण येते. आणि आमच्या यांच्या तोंडातून निघून गेलं, "आमच्या घरी बनवतात, साहेब. रविवारी या."

टँकरबद्दल मात्र एक अक्षर बोलले नाहीत.

संध्याकाळी घरी आले ते चप्पल काढायच्या आधीच सांगून मोकळे झाले. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, "मी कधी बनवलाय हो पाय?" तर म्हणाले, "तुझ्याकडं नांदेडच्या क्लासचं सर्टिफिकेट आहे की."

आता ते सर्टिफिकेट कसलं, ते सांगते. लग्नाआधी नांदेडला पंधरा दिवसांचा बेकिंगचा वर्ग केला होता. मुदखेडहून रोज गाडीनं जायची. नानकटाई झाली, केक झाला, आणि शेवटच्या दिवशी बाईंचा गॅस संपला. म्हणून चॉकलेट पाय बाईंनी नुसता तोंडी सांगितला. आम्ही बारा जणींनी तो वहीत उतरवला, खाली रेघ मारली आणि सर्टिफिकेट घेऊन घरी गेलो. अशा पायावर आमच्या गल्लीचा टँकर उभा राहणार होता. नावावरून घरात जे विनोद झाले ते मी सांगत बसत नाही, तुम्ही तुमचे करून घ्या.

वही काढली. मैदा, डालडा, दूध, साखर, कोको, आणि चार अंड्यांचा बलक. इथंच घोडं पेंड खाणार होतं. आमच्या घरात अंडं सोडाच, अंड्याचं नाव काढायची पद्धत नव्हती. सासूबाई त्याला "ते" म्हणायच्या. वाण्याच्या दुकानात "ते" दिसलं तर त्या दुसरीकडं बघत हळद मागायच्या. मी घाबरत घाबरत वही वाचून दाखवली तशा म्हणाल्या, "त्ये या उंबऱ्याच्या आत आलं तर मी उंबऱ्याच्या भाईर. मग साहेब येऊ दे न्हाईतर साहेबाचा बाप."

कोकोचा डबा माझ्या भावानं हैदराबादहून आणून दिला होता, तो वर्षभर फळीवर शोभेला होता. चाचांनी तेलाचा डबा कापून, कडा वळवून, झकास चपटी थाळी करून दिली. भट्टीचं काम वाळूवर. जुन्या पातेल्यात वाळू घालायची, खाली शेगडी, वर झाकणावर निखारे. वाळूची काही कमी नव्हती. मांजरा नदीत त्या साली तेवढीच उरली होती.

गुरुवारी पहिला प्रयोग केला. बलकाच्या जागी डब्यातली कस्टर्ड पावडर. रंग आला, वास आला, वरून अगदी साहेबाच्या लायकीचा दिसत होता. सुरी लावली आणि आतलं सगळं थाळीभर पसरलं. सासूबाईंनी वाकून बघितलं. "कढी बरी झालीय," म्हणाल्या, "भात लावू का?" मला रडू आलं. यांनी दोन वाट्या कढी खाल्ली आणि मुकाट कचेरीत गेले.

शनिवारी पहाटे चाचीची गाय व्याली. कालवड झाली. सकाळी चाची दारोदार फिरली, पदराखाली भांडी झाकून. चीक, म्हणजे व्यालेल्या गाईचं पहिलं दूध, आमच्याकडे विकत नाहीत. पैसे घेतले तर जनावर आटतं म्हणतात. तो शेजारीपाजारी वाटायचा असतो. आणि ज्याच्या घरी चिकाचं भांडं येतं, त्यानं ते रिकामं परत द्यायचं नसतं. मूठभर ज्वारी, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच द्यायचं. त्या गल्लीत लिंगायत, मुसलमान, मराठा, सगळ्यांनी हा एक नियम मात्र पाळलेला मी पाहिलाय. आमच्याकडं तिनं चांगली मोठी चरवी आणली. "कालवडीचं पेट भरल्यावर काढलाय," म्हणाली, "फिकीर नको. तुझ्या साहेबासाठी जास्ती दिलाय."

मी चरवी हातात घेऊन उभी. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "खरवसाला कुठं त्ये लागतंय गं?"

बस्स. वहीत बारा जणींनी लिहून घेतलेला पाय आमच्या सासूबाईंनी पूजा करता करता दुरुस्त केला. चिकाचा गुण असा की आच लागली की तो आपोआप घट्ट बसतो. दुपारी मी त्यात थोडं दूध, साखर, आणि कोरड्या कढईत भाजलेला कोको मिसळला. मैदा-डालड्याची पोळी थाळीत दाबून आधी भाजून घेतली, त्यात ते ओतलं. सासूबाईंनी माझी नजर चुकवून वेलदोडा टाकलाच. तासाभरानं झाकण काढलं तर मधोमध हलकं थरथरणारं काळंभोर चॉकलेट, कडेला सोनेरी. मी तिथंच भुईवर बसले. इतका आनंद मला सर्टिफिकेट मिळाल्यावरही झाला नव्हता.

पण तो थंड व्हायला पाहिजे. फ्रीज होता कुणाकडं? ओलं पोतं लागणार, पोत्याला पाणी लागणार, आणि घरात पाणी होतं ते त्या पितळी घागरीत. मी दोन तांबे काढले. सासूबाईंनी आवाजावरून ओळखलं.

"माझ्या अंघोळीचं पानी पोत्याला पाजून राहिली का?"

"आत्याबाई, गल्लीच्या टँकरसाठी."

"टँकरनं काय माझी पूजा होतीय?"

त्या रात्रभर बोलल्या नाहीत. सकाळी उरलेल्या पाण्यात आंघोळ केली, पूजा केली, आणि मग बोलल्या. बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रविवारी साहेब आले. गल्लीतले सगळे आपापल्या दारात काही ना काही काम काढून बसलेले. साहेबांनी पहिला तुकडा खाल्ला, डोळे मिटले. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला म्हणाले, "कमाल आहे, अंड्यांचा अजिबात वास नाही." आमच्या यांना ठसका लागला. सासूबाई आतल्या दारातून म्हणाल्या, "आमच्या उंबऱ्याच्या आत त्ये येत नसतंय, साहेब. समोरच्या गाईचा चीक हाय त्यो."

साहेबांचा हात थांबला. मला वाटलं, संपलं. तर म्हणाले, "म्हणजे खरवस?" आणि चौथा तुकडा उचलला. मग हातावर पाणी घेताना तांब्यात बघितलं, अर्धाच होता. "पाण्याची टंचाई दिसते," म्हणाले. दोन महिने टंचाईच्या कागदांवर सह्या करणाऱ्या माणसाला ती आमच्या तांब्यात सापडली. यांना मी कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं यांचं तोंड उघडलं आणि टँकरची गोष्ट निघाली.

बुधवारी गल्लीची एकही भिंत हलली नाही, पण कागदावर गल्ली दोन फूट रुंद झाली. गुरुवारी सकाळी टँकर आत आला, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून. यांच्या गळ्यात कुणीतरी हार घातला. चाची तर टोप, बादली, घंगाळ, जे हाताला लागेल ते घेऊन रांगेत सगळ्यांच्या पुढं.

टँकरबरोबर एक वही घेतलेला माणूस आला होता. माणशी दोन घागरी. त्यानं चाचीच्या चार घागरी भरल्या आणि नळी बाजूला केली. चाची म्हणाली, "और गाय का?" तो म्हणाला, "मावशी, जनावर माणशीत धरता येत नाही. त्याचा कागद येगळा."

मी पुढं झाले. म्हटलं, हा टँकर त्या गाईच्या चिकावर आलाय, तुमच्या साहेबांना विचारा. तो हसला. तसा कागद असेल तर दाखवा, म्हणाला. मी यांच्याकडं बघितलं. यांनी हाराकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "नियम आहे." त्या क्षणी तो हार मी यांच्या गळ्यातून ओढून गाईलाच घातला असता. चाचीनं चार घागरी एकेक करून आत नेल्या. चाचा खुंट्याजवळ उभे होते, कासरा हातात घेऊन. दुसऱ्या दिवशी बाजार होता.

तोवर रांग सरली, आम्ही सगळ्या आपापल्या भरल्या घागरी धरून उभ्या. इतक्यात सासूबाई बाहेर आल्या. एका हातात चाचीची चरवी, कमरेवर पितळी घागर, नुकतीच काठोकाठ भरलेली. ओट्यावर थांबल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चिकाची भांडी कुनाकुनाकडं ऱ्हायलीत गं?"

राहिली होती सगळ्यांकडंच. दुष्काळात भांड्यात काय घालून द्यावं हे कुणाला सुचत नव्हतं, म्हणून शनिवारपासून सात घरांत ती तशीच पडून होती. सासूबाई वही घेतलेल्या माणसासमोरून सरळ चाचीच्या अंगणात गेल्या, चरवी भरली, गाईपुढं ठेवली, आणि मग उरलेली घागरही घंगाळात उलटी केली. दोन वर्षांत त्यांना त्या अंगणात गेलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांच्यामागून एकेक बाई घरात गेली आणि चिकाचं भांडं घेऊन आली. कुणाची बरणी, कुणाचा गडवा, सगळी पाण्यानं भरलेली. गाय मान वर न करता पीत राहिली. चाचांनी कासरा परत खुंट्याला बांधला. चाची सासूबाईंचा हात धरून रडत होती, आणि सासूबाई तिला म्हणत होत्या, "रडून पानी वाया घालू नको, माय."

त्या दिवसापासून रोज एका घरानं भांडंभर पाणी द्यायचं ठरलं. गाय विकली गेली नाही. साहेबांची सहा महिन्यांत बदली झाली, आणि पाय कसा करायचा ते त्यांच्या बायकोनं पत्र पाठवून विचारलं. मी सगळं लिहून दिलं, वेलदोड्यासकट.

टँकर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी मी उठले तेव्हा सासूबाई देवघरात बसल्या होत्या. मोरी कोरडी होती, पितळी घागर पालथी. त्यांनी ओल्या फडक्यानं नुसतं तोंड आणि हातपाय पुसले होते, आणि लिंग तळहातावर घेऊन पूजा चालली होती. मी दारातच थांबले. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "च्या ठेव. आणि समोर जाऊन बघून ये, कालवड उठली का."