मीठ न मागणारे

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात कमळ निवट्या माशांच्या कालवणात मीठ घालायला विसरली. खारबावच्या पुढे, खाडीच्या कडेला तिचं सासर. नवरा दौलत दिवसभर मिठागरात राबून आलेला. त्याने कालवण भातावर ओतून घेतलं, चाटूनपुसून जेवला आणि हात धुऊन ओटीवर जाऊन बसला. मागाहून कमळने स्वतः घास घेतला आणि कपाळावर हात मारला. पुढच्या खेपेला नारपोलीला माहेरी गेली तेव्हा आईला म्हणाली, “माझा माणूस लय गरीब हाय. अळणी वाढला तरी बोलत न्हाय.”

तेव्हापासून नवऱ्याशी भांडण झालं की कमळ मुद्दाम मीठ घालायची नाही. बघू किती दिवस गप्प बसतो! दौलत जेवायचा आणि उठायचा. हरायची शेवटी तीच. असा नवरा मिळाला म्हणून ती मनातल्या मनात फुशारून जायची आणि कटकटे नवरे वाट्याला आलेल्या शेजारणींची तिला कीव यायची. बाई शहाणी होती, पण पहिली वीस-बावीस वर्षं तिने आपल्या नवऱ्याला साफ चुकीचं वाचलं.

दौलत मीठभाऊ होता. हे त्याने तिला सांगितलं ते मरायच्या आठच दिवस आधी, ओटीवर जाळं विणता विणता, मान वर न करता. इंग्रजांच्या काळात मिठावर कर होता. घरात चोरून काढलेलं मीठ सापडलं की शिपाई माणसाला धरून न्यायचे. एखादा खबऱ्या पाहुणा होऊन यायचा, पानावर बसायचा आणि सहज म्हणायचा, जरा मीठ वाढा. मीठ पानात पडलं की बाहेरचा शिपाई घरात. मग आगरावरच्या काही जणांनी खाडीचं पाणी ओंजळीत धरून शपथ घेतली. पानावर बसलं की मीठ मागायचं नाही, आपल्या घरातसुद्धा नाही; म्हणजे मागेल तो खबऱ्या, हे लगेच ओळखू येईल. आणि भावाचं नाव कुणालाही सांगायचं नाही, मग जीव गेला तरी चालेल. त्या शपथेने तेव्हा कितीतरी घरं वाचली, हे खरंच आहे. पण इंग्रज गेले, कर गेला आणि शपथ तेवढी राहिली. बापाने मुलाला दिली, मामाने भाच्याला दिली. ज्या कामासाठी ती घेतली होती ते काम संपलं, तेव्हा रिकाम्या बसलेल्या शपथेला दुसरी कामं सापडली.

दोन हजार साल उलटलं आणि तालुक्यात गोदामांचं पेव फुटलं. भाताच्या खाचरात मातीचे डंपर पडू लागले. खाडीकाठची तिवरं तोडून रात्रीत भराव होऊ लागला. भराव कुणाचा, डंपर कुणाचे, गावाच्या गुरचरणावर कुंपण कुणी घातलं, विचाराल तर सगळं गाव तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेलं. दौलतला ते सहन होईना. दोन हजार दोनच्या पावसाळ्यानंतर ग्रामसभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, “मी मीठभाऊ हाय. आजपासून न्हाय. गुरचरण कोनी विकला ते मना म्हाईत हाय, पुढच्या सभेला नावं सांगतो.” पुढची सभा त्याला मिळालीच नाही. ओहोटीला तो चिखलात पालथा सापडला. दारूच्या नशेत पाय घसरला असा पोलिसांच्या पंचनाम्यात निष्कर्ष निघाला. ज्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नव्हता त्याच्याबद्दल हे लिहिताना लिहिणाऱ्याला काहीच कसं वाटलं नाही, देव जाणे.

तेराव्याला गाव जेवायला आलं. आचाऱ्याचं लक्ष नव्हतं, आमटीत मीठच पडलं नाही. कमळ आतल्या दाराशी बसून पंगतीकडे नुसती बघत होती. कुणी ओरडलं, “अरे, मीठ आना!” कुणी तोंड वाकडं केलं. आणि काही जण मान खाली घालून जेवत राहिले. दौलतसारखे. त्यात मधला दीर होता, समोरच्या घरातला होता, दौलतच्या तिरडीला खांदा देणारे दोघे होते.  इतकी वर्षं जे तिने नवऱ्याचं प्रेम समजून जपलं होतं, ते इतक्या पानांवर एकाच वेळी वाढलेलं तिला दिसलं. रडायचं सोडून ती एकेक चेहरा ध्यानात ठेवत बसली.

त्यानंतर ती धामणकर नाक्यावरच्या वकिलाकडे किती वेळा गेली याला गणती नाही. वकील दरवेळी एकच म्हणायचा, बाई, साक्षीदार आणा. ती दारोदार फिरली. दारात माणूस यायचा, आदराने “या वैनी” म्हणायचा आणि म्हणायचा, “मना कय म्हाईत न्हाय.” पुरुषांचं दार बंद झालं तेव्हा कमळने मागचं, चुलीकडचं दार धरलं. बायकांना तिने पंगतीत पाहिलेलं सांगितलं आणि म्हणाली, “पोरगी देताना पोराला अळणी वाढा. मीठ मागला तर द्या पोरगी. न मागला तर नका देऊ.”

हे लोण किती भराभर पसरलं! भावकीतल्या बायकांनी ते माहेरी नेलं, माहेरच्यांनी पुढच्या गावाला नेलं. पोराने मीठ मागितलं तर शपथ मोडली, नाही मागितलं तर पोरगी गेली. मीठभाऊंना यातून वाट काढता येईना. साधी पोरं मात्र चेकाळली. पान समोर आलं की घास घेण्याआधीच “मीठ! मीठ!” म्हणून ओरडायची आणि आतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. दोन-चार जणांनी खरंच शपथ सोडली. म्हाताऱ्या मीठभाऊंनी कमळच्या दारावरून जायचं बंद केलं. तिला वाटलं, मारणारा हाती लागला नाही तरी त्याचं बीज तरी आपण जाळलं.

तिचा एकुलता एक मुलगा हितेश तेव्हा हाताशी आला होता. गोदामांवर टेम्पो चालवायचा. सुरुवातीला त्याला भाडं मिळत नसे, मग एकदम बरं मिळू लागलं. कमळने म्हटलं, पोराचं नशीब उघडलं. दोन हजार नऊच्या माघात नारपोलीच्या गोदूबाईच्या मुलीशी, करिष्माशी, त्याचं जमलं. पोरापोरीनेच एकमेकांना पसंत केलं होतं, बोलणी तेवढी उरली होती. गोदूबाईच्या घराला लागूनच त्यांचे कापड विणायचे लूम होते, त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून बंद ठेवलेले.

गोदूबाईने कमळला आत बोलावलं. म्हणाली, “वैनी, तुमच्या पोराला कशाला पारखायचा? मी मीठ घालते कालवनात.”

“नको,” कमळ म्हणाली. “सगल्यांच्या पोरांना लावला तो नेम माझ्या पोराला पन लाव. उद्या कोनी बोलाया नको.” आणि हे बोलताना तिला केवढा अभिमान वाटत होता!

पानं मांडली. जिताडा माशाचं कालवण, भात, तांदळाच्या भाकऱ्या. हितेशच्या पानावर गोदूबाईने स्वतःच्या हाताने वाढलं. स्वयंपाकघराच्या दारात बायका दाटीवाटीने उभ्या राहिल्या, मागे करिष्मा टाचा उंचावून बघत होती. हितेशने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, तोंडात घातला. त्याचा जबडा क्षणभर थांबला. त्याने मान वर करून थेट आईकडे बघितलं. कमळ हसली आणि मानेनेच म्हणाली, माग.

हितेशने मान खाली घातली आणि दुसरा घास घेतला.

 गोदूबाईला राहवलं नाही. बिचारी मिठाची वाटी घेऊन धावली आणि त्याच्या पानाशी ठेवून म्हणाली, “घे रे पोरा, मी विसरलेच घालाया.” तिला हे लग्न वाचवायचं होतं, कमळची अब्रूही वाचवायची होती. हितेशने वाटीला हात लावला नाही. बायका आता त्याच्याकडे बघत नव्हत्या, कमळकडे बघत होत्या. मागे करिष्माच्या हातातला तांब्या खाली पडला आणि पाणी दारापर्यंत आलं. एक शब्द न बोलता कमळला घरी जाता आलं असतं. गोदूबाईने उद्या होकारही कळवला असता. पण ज्यांची लग्नं तिच्यापायी मोडली होती त्या पोरांच्या आया तिच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

“गोदूबाय,” ती म्हणाली, “पोरगी देऊ नको.”

 टेम्पोतून घरी आल्यावर कमळ चुलीपुढे बसली आणि तिथूनच बोलली. “तुझ्या बापसाला मारला त्यांचा पानी ओंजलीत घेतलास? भाड्यासाठी?”

“भाड्यासाठी न्हाय, आये.” हितेश दारातच उभा होता. “सा-सात वरसं तू दारोदार फिरलीस. तुला कोनी सांगितला? भाऊ झाल्याबिगर त्यांच्यातला कोनी बोलत न्हाय. म्हनून गेलो.”

 ज्या उत्तरासाठी तिने वकिलाचे जिने झिजवले, ज्याच्यासाठी भावकी तोडली, ते समोर दारात उभं होतं, तिच्याच पोटचं.

“मग समजला?”

“समजला.”

“कोन?”

हितेशने तोंड उघडलं. ओठ हलले. तो सांगणार असं तिला त्या क्षणी खरंच वाटलं. मग त्याने भिंतीवरच्या दौलतच्या फोटोकडे बघितलं, डोळे पुसले आणि खाली मांडी घातली. “आये, नको विचारू,” तो म्हणाला. “तिथं कय गेला न्हाय घशाखाली. जेवाया वाढ.”

कमळने भात शिजवला, कालवण केलं. मिठाची बरणी हाताशी होती, ती तिने उघडली नाही. ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि समोर बसली. त्याने नुसतं मीठ मागितलं असतं, तर पुढचं नावही आलं असतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

हितेश चाटूनपुसून जेवला, हात धुतले आणि ओटीवर जाऊन बसला.